क्लेम नामंजूर झाला, म्हणजे संपलं का?

गेल्या आठवड्यात मानेवाड्याहून एक काका-काकू माझ्या ऑफिसात आले. काकांच्या हातात कापडी पिशवी होती. धंतोलीतल्या हॉस्पिटलची बिलं, डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफीचे लिफाफे, औषधांच्या पावत्या असं एकेक काढून त्यांनी टेबलावर मांडलं. सगळ्यात खाली, दोनदा घडी घातलेलं एक पान होतं, विमा कंपनीचं पत्र. इंग्रजीत, जेमतेम आठ ओळींचं. पावणेतीन लाखांचं बिल त्यांनी एफडी मोडून भरलं होतं आणि हे पत्र आल्यावर सात महिने ते कुणाकडेच गेले नव्हते. "मॅडम, कंपनीनं नाही म्हटलं म्हणजे संपलंच ना?"

मी विमाधारकांच्या बाजूने खटले लढते, आणि हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विमा आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. तेव्हापासून घरोघरी ‘आता घेऊनच टाकू’ अशी चर्चा सुरू आहे. घ्यावाच. पण घेताना हप्ता किती हे सगळे विचारतात. क्लेम अडला तर काय, हे कुणी विचारत नाही. हा लेख त्यासाठी.

भिशीपासून सुरुवात करू

आपल्याकडे बायकांची, दुकानदारांची भिशी चालते. दर महिन्याला सगळ्यांनी ठरावीक रक्कम टाकायची आणि एकाने उचलायची. विमा हीही एक प्रचंड मोठी भिशीच समजा, फक्त उचलण्याचा नियम वेगळा. इथे आळीपाळीने कुणाचा नंबर लागत नाही. ज्याच्यावर संकट आलं, तोच उचलतो. बाकीच्यांचं सुदैव की त्यांना उचलावी लागली नाही.

आता ही भिशी चालवणाऱ्याला प्रत्येक सभासदाचा धोका किती हे आधी कळायला हवं, नाहीतर हप्ता ठरवणार कसा? कंपनी तुमच्या घरी येऊन औषधांचा डबा तपासत नाही. तुम्ही अर्जात, म्हणजे प्रपोजल फॉर्ममध्ये, जे लिहिता त्यावर ती विश्वास ठेवते. म्हणून विम्याचा करार इतर करारांपेक्षा कडक मानला जातो. दोन्ही बाजूंनी महत्त्वाची गोष्ट न लपवता सांगायची, या कर्तव्याला कायद्यात ‘परम सद्भाव’ म्हणतात.

‘दोन्ही बाजूंनी’ हे शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत. कशाचे पैसे मिळणार नाहीत, हे कंपनीनेही तुम्हाला सांगायला हवं. जी अट विमाधारकाला कधी दिलीच नाही, तिच्या आधारे क्लेम नाकारता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितलं आहे. १ जानेवारी २०२४ पासून तर प्रत्येक आरोग्य पॉलिसीसोबत सुटसुटीत माहितीपत्रक देणं कंपनीवर बंधनकारक आहे, आणि मागितलं तर ते मराठीतही द्यावं लागतं. मागा. फुकट आहे.

केसपेपरवरची एक ओळ

माझ्याकडे येणाऱ्या आरोग्य विम्याच्या प्रकरणांत सगळ्यात जास्त वेळा दिसणारं कारण म्हणजे ‘आजार आधीपासून होता आणि तो लपवला’. हे कसं घडतं ते नीट सांगते, कारण इथे थोडी सावधगिरी बाळगली तर पुढचं बरंच टळतं.

रात्री दीड वाजता रुग्णाला ॲडमिट करतात. कॅज्युअल्टीत ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर भराभर विचारतो, बीपी आहे का, शुगर आहे का, कधीपासून? रुग्ण बोलण्याच्या स्थितीत नसतो. शेजारी घाबरलेला मुलगा किंवा जावई उभा असतो. तो म्हणतो, "आहे ना, बरीच वर्षं झाली." डॉक्टर लिहितो, ‘के/सी/ओ एचटीएन, १० वर्षे’, म्हणजे दहा वर्षांपासूनचा रक्तदाबाचा रुग्ण. ती ओळ लिहिणाऱ्याच्या डोक्यात उपचार असतात, विमा नसतो. पण तीन आठवड्यांनी कंपनीचा माणूस केसपेपरची नक्कल घेऊन जातो तेव्हा त्या संपूर्ण फाइलमधली तीच एक ओळ त्याच्या कामाची असते. पॉलिसी चार वर्षांची, आजार दहा वर्षांचा, म्हणजे अर्जात खोटं लिहिलं. क्लेम नामंजूर.

काकांच्या पत्रात नेमकं हेच होतं.

अशा वेळी काय करायचं? पहिली गोष्ट, त्या एका ओळीशिवाय कंपनीकडे काही पुरावा आहे का ते विचारायचं. आजार लपवला असा आरोप कंपनीचा, तर तो सिद्ध करण्याची जबाबदारीही कंपनीची. दुसरी गोष्ट, आपले कागद शोधायचे. काकांना मी विचारलं की पॉलिसी घेण्याआधी कधी तपासणी झाली होती का. ते नाही म्हणाले. काकूंना मात्र आठवलं की निवृत्तीच्या आधी कारखान्यात दरवर्षी मेडिकल चेकअप व्हायचं. २०२० च्या चेकअपचा कागद घरी सापडला. त्यात रक्तदाब १२४/८० होता. पॉलिसी २०२१ ची. फॅमिली डॉक्टरांनी बीपीची पहिली गोळी दिल्याची चिठ्ठी २०२२ ची. या दोन चिटोऱ्यांपुढे ती ‘१० वर्षे’ फार लंगडी पडते.

याबाबतचे नियमही गेल्या काही वर्षांत विमाधारकाच्या बाजूने सरकले आहेत. विमा नियामक, म्हणजे आयआरडीएआय, याने १ एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ, म्हणजे ज्या काळात त्या आजारांचा क्लेम मिळत नाही तो, ४८ महिन्यांवरून जास्तीत जास्त ३६ महिने केला. पॉलिसी सलग ६० महिने चालली, तर त्यानंतर ‘माहिती लपवली’ या कारणाने क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध केली तरच नाकारता येतो. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. आयुर्विम्यात याहून स्पष्ट संरक्षण आहे. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षं उलटल्यावर पॉलिसीला कुठल्याच कारणाने आव्हान देता येत नाही. म्हणून हप्ता चुकवून पॉलिसी खंडित होऊ देऊ नका, असं मी सगळ्यांना जीव तोडून सांगते. खंड पडला की ही सगळी मोजणी पुन्हा अडचणीत येते.

खोलीचं भाडं आणि अर्धं झालेलं बिल

दुसरा प्रकार पूर्ण नकाराचा नसतो, कपातीचा असतो. समजा पॉलिसी ३ लाखांची आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. तुम्ही रामदासपेठेतल्या हॉस्पिटलात ६,००० ची खोली घेतली, चार दिवस. तुम्हाला वाटतं, फरक १२,००० चा, तो आपण भरू. पण कंपनी म्हणते, तुम्ही हक्काच्या दुप्पट दराची खोली घेतलीत, म्हणून डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळं आम्ही निम्मंच देणार. ते १,२०,००० असेल तर ६०,००० गेले. एकूण फटका ७२,०००. याला प्रमाणशीर कपात म्हणतात.

ही कपात बेकायदा नाही, पण तिला कुंपण आहे. औषधं, शरीरात बसवलेली उपकरणं, तपासण्या आणि आयसीयूचा खर्च यांवर ती लावता येत नाही. शिवाय ज्या हॉस्पिटलात खोली बदलली तरी बाकीचे दर बदलत नाहीत, तिथे ती लावताच येत नाही. कपातीचा हिशेब लेखी मागा आणि या ओळींवर बोट ठेवून तपासा.

कॅशलेस नाकारलं, म्हणजे क्लेम नाकारला असं नाही

दोन्हींत लोक फार गोंधळतात. कॅशलेस ही फक्त पैसे देण्याची पद्धत आहे, कंपनीने हॉस्पिटलला थेट पैसे देण्याची. ती नाकारली तरी बिल भरून, मूळ कागद जपून, नंतर परताव्यासाठी क्लेम करण्याचा हक्क कायम राहतो. आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा आहे आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत. त्याहून उशीर झाल्यामुळे हॉस्पिटलने जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर हे शांतपणे सांगून पाहा.

नकाराचं पत्र हा तुमचाच पुरावा

आता त्या घडी घातलेल्या पानाकडे येते. लोक ते पत्र रागाने फाडतात, नाहीतर कपाटात लपवतात. माझ्या दृष्टीने फाइलमधला सगळ्यात मोलाचा कागद तो असतो. सुप्रीम कोर्टाने २०१९ साली स्पष्ट केलं आहे की क्लेम नाकारताना पत्रात जे कारण दिलं, त्यापलीकडचं नवं कारण कंपनीला नंतर खटल्यात काढता येत नाही. परीक्षेत उत्तरपत्रिका जमा केल्यावर पुरवणी जोडता येत नाही, तसंच. म्हणून फोनवर किंवा एजंटच्या तोंडून आलेला नकार स्वीकारू नका. ‘कोणत्या अटीखाली नाकारलं, तो अनुक्रमांक आणि कारण लेखी द्या,’ असा ईमेल करा. कंपनीच्या क्लेम तपासणाऱ्या समितीने पाहिल्याशिवाय आरोग्य विम्याचा क्लेम नाकारू नये असा आता नियम आहे. तो पाळला का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारा.

कळवायला उशीर झाला म्हणून नाकारलेले क्लेमही खूप असतात, वाहन चोरीच्या प्रकरणांत तर हमखास. त्यावर २०२० साली आलेला तीन न्यायमूर्तींचा निकाल मला फार जवळचा वाटतो. चोरीला गेलेला होता ट्रॅक्टर. शेतकऱ्याने पोलिसांत लगेच तक्रार दिली, पण कंपनीला कळवायला ५२ दिवस लागले. तक्रार वेळेत असेल आणि चोरी खरी असेल, तर केवळ या उशिरामुळे क्लेम मरत नाही, असं कोर्ट म्हणालं. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती भूषण गवई, मूळचे अमरावतीचे. त्यांची वकिली आपल्याच नागपूर खंडपीठात गाजली आणि पुढे ते सरन्यायाधीश झाले. ट्रॅक्टर गेल्यावर माणूस आधी कुठे धावतो, हे त्या निकालात समजून घेतलेलं दिसतं.

मग जायचं कुठे?

पहिलं पाऊल कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. लेखी तक्रार करा; नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही ती नोंदवता येते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुढची दोन दारं उघडतात.

एक दार विमा लोकपालांचं. ५० लाखांपर्यंतच्या वादांसाठी, फी शून्य, आणि तिथे वकिलाला उभं राहताच येत नाही. तुम्ही स्वतः किंवा घरच्यांनी बोलायचं. नागपूरची प्रकरणं पुण्याच्या कार्यालयाकडे जातात, पण त्यासाठी पुण्याची गाडी धरायची गरज नाही. तक्रार ऑनलाइन होते, सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते. कंपनीने अंतिम नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत जायला हवं. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. ३० दिवसांत पाळला नाही तर कंपनीला तक्रारदाराला दिवसाला ५,००० रुपये दंड द्यावा लागतो. तुमच्यावर मात्र तो बंधनकारक नाही. मान्य नसेल तर पुढे जाता येतं.

दुसरं दार ग्राहक आयोगाचं, आपल्याकडे सिव्हिल लाइन्समध्ये. २०१९ च्या कायद्याने इथे एक मोठी सोय झाली. तक्रार कोणत्या आयोगाकडे करायची हे आता विम्याच्या रकमेवरून ठरत नाही, तुम्ही भरलेल्या हप्त्यावरून ठरतं. म्हणजे एक कोटीचा आयुर्विमा असला तरी हप्ता ५० लाखांच्या आत असल्याने प्रकरण जिल्हा आयोगातच चालतं. सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२५ मध्ये ही तरतूद वैध ठरवली. भरलेला हप्ता ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. कंपनीचं मुख्यालय मुंबईत असो की चेन्नईत, तुम्ही राहता तिथे दावा करता येतो. मुदत दोन वर्षांची.

क्रम मात्र सांभाळा. प्रकरण आयोगात किंवा कोर्टात गेलं, की लोकपाल ते घेत नाहीत. आधी लोकपाल, मग आयोग असं चालतं. उलटं चालत नाही. आणि लोकपालांकडे गेलो म्हणून आयोगाची दोन वर्षांची मुदत थांबते, असं धरून बसू नका.

वकील लागतोच का?

लोकपालांकडे तर नाहीच. ग्राहक आयोगातही तुम्ही स्वतः तक्रार चालवू शकता. वैद्यकीय वाद गुंतागुंतीचा असेल, रक्कम मोठी असेल, कंपनीने तज्ज्ञाचं मत जोडलं असेल, तर वकील घ्या. काकांना मी लोकपालांचाच रस्ता सांगितला. त्यांच्याकडे अजून पाच महिने आहेत. आयोगात निकालासाठी कायद्याने तीन महिने दिलेत, प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ लागतो. हे अशिलाला पहिल्या दिवशी न सांगणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

कंपन्या मुद्दामच नाकारतात का?

असा सरसकट आरोप मी करणार नाही. भिशीचा पैसा सगळ्यांचा असतो. खोटं सांगून कुणी उचलला तर तो तुमच्या-माझ्या हप्त्यातून जातो. २०१९ च्या एका प्रकरणात माणसाने दोनच महिन्यांपूर्वी घेतलेली ११ लाखांची दुसरी आयुर्विमा पॉलिसी अर्जात सांगितली नव्हती. तो वारल्यावर कंपनीने क्लेम नाकारला आणि सुप्रीम कोर्टाने कंपनीची बाजू उचलून धरली. उलट २०२१ मध्ये, अमेरिकेच्या प्रवासाचा विमा घेतलेल्या आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर हृदयविकाराचा त्रास सुरू झालेल्या गृहस्थांचा क्लेम त्याच कोर्टाने मंजूर केला. मधुमेह असल्याचं त्यांनी आधीच सांगितलं होतं, कंपनीने तपासणी करून पॉलिसी दिली होती; मग त्या आजाराकडे बोट दाखवून हात वर करता येणार नाहीत, असं कोर्ट म्हणालं.

"पण फॉर्म एजंटने भरला, मी फक्त सही केली," हे मी कितीदा ऐकलं असेल! सही तुमची असेल तर मजकूरही तुमचाच धरला जातो, आणि ते खोडून काढायला फार कष्ट पडतात. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. पॉलिसी आली की अर्जाची प्रत वाचा. चूक असेल तर ३० दिवसांच्या आत पॉलिसी परतही करता येते. आणि ‘पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली’ असं लिहिलेल्या व्हाउचरवर तुमची सही आधीच झाली असेल, तरी दार कायमचं बंद होत नाही. ती सही दबावाखाली घेतली गेली हे दाखवता आलं तर उरलेली रक्कम मागता येते, असं सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्ये सांगितलं आहे.

नोकरीतून मिळणारा विमा, ज्याचा कागदच हातात नसतो

बुटीबोरी आणि हिंगणा एमआयडीसीतल्या कामगारांची अडचण निराळी असते. पॉलिसी कारखान्याच्या नावावर, कागद एचआरकडे, कामगाराकडे जास्तीत जास्त एक प्लास्टिकचं कार्ड. अटी काय, रक्कम किती, नोकरी सुटल्यावर काय, काही माहीत नसतं. एचआरला ईमेल करून पॉलिसीची प्रत मागा. समूह विम्याची तक्रारही लोकपालांकडे करता येते.

मालकाने पगारातून हप्ता कापला, पण विमा कंपनीकडे भरलाच नाही, तर? १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे असंच प्रकरण आलं होतं. पगारातून हप्ता कापण्याच्या योजनेत हप्ता पोचला नाही म्हणून आयुर्विमा महामंडळाने विधवेला पैसे नाकारले होते. अशा योजनेत मालक हा विमा कंपनीच्या वतीनेच हप्ता गोळा करतो, त्यामुळे त्याच्या चुकीची शिक्षा कामगाराच्या घराला देता येणार नाही, असं कोर्टाने ठरवलं. म्हणून पगाराच्या स्लिपा फेकू नका. कपातीची ती एक ओळ पुढे साक्ष देते.

ग्रॅच्युइटीचे वादही आता बदलणार आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार संहिता लागू झाल्या, आणि ठरावीक मुदतीच्या करारावर काम करणाऱ्याला पाच वर्षांऐवजी एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. त्यावर स्वतंत्रच लिहावं लागेल.

इथे मात्र मला एका योजनेबद्दल सांगायचंच आहे, कारण तिच्याबद्दल न कळल्यामुळे किती घरांचे पैसे पडून राहतात हे मी पाहिलं आहे. ज्याचा पीएफ कापला जातो, त्याचा आपोआप जीवन विमाही असतो. नाव कर्मचारी ठेव संलग्न विमा योजना, बोलीत ईडीएलआय. १९७६ पासून आहे. कामगाराच्या पगारातून यासाठी एक पैसा जात नाही. मालक अर्धा टक्का भरतो. नोकरीत असताना कामगार वारला, मग घरी असो, रस्त्यावर असो, आजाराने असो, तर वारसाला जास्तीत जास्त ७ लाख रुपये मिळतात. हिशेब असा: शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी पगाराच्या ३५ पट, त्यात पगार १५,००० पर्यंतच धरायचा, म्हणजे वरची मर्यादा ५ लाख २५ हजार. त्यात पीएफमधल्या सरासरी शिलकेच्या निम्मे, पण १ लाख ७५ हजारांपर्यंत.

दिघोरीची एक ताई दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आली, ती नवऱ्याच्या अपघाताच्या दाव्यासाठी. तो हिंगण्याच्या एका कारखान्यात होता. पीएफची रक्कम तिला मिळाली होती, पेन्शन सुरू झालं होतं. मी विचारलं, "आणि ईडीएलआय?" तिला तो शब्दच माहीत नव्हता. कारखान्याने सांगितलं नव्हतं, फॉर्म भरून देणाऱ्यानेही पीएफ आणि पेन्शनचेच रकाने भरले होते. आम्ही फॉर्म ५ आयएफ भरला, मालकाची सही घ्यायला तिला तीन चकरा माराव्या लागल्या, आणि अर्ज पीएफ कार्यालयात दिला. पीएफचा सभासद हा ग्राहक आहे, असं सुप्रीम कोर्टाने १९९९ सालीच म्हटलेलं असल्याने, अडवणूक झाली असती तर आयोगाचं दार होतंच. त्याची वेळ आली नाही. पैसे जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा ती सक्करदऱ्याच्या बाजारात भाजी घेत होती. तिथूनच तिने फोन केला आणि विचारलं, की कारखान्यात गेल्या वर्षी वारलेल्या दुसऱ्या एका माणसाच्या बायकोला माझा नंबर दिला तर चालेल का.